भरून ठेवलेलं मॅगझिन, जमा करून ठेवलेलं पिस्तूल आणि स्प्रिंगांचं आयुष्य

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांचं .३२ बोअरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल दहा-बारा वर्षं शस्त्रविक्रेत्याकडे जमा होतं. आता वारस म्हणून परवाना झाला आहे आणि पिस्तूल हातात येणार आहे. मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायची काडतुसांची पेटी, बहुधा इतकी वर्षं भरलेलंच होतं. त्याची स्प्रिंग 'बसली' असेल का? सगळ्या स्प्रिंगा बदलून टाकाव्यात का? आणि यापुढे मॅगझिन भरून ठेवायचं, रिकामं ठेवायचं, की दर महिन्याला आलटून पालटून?

आधी शेवटच्या भागाचं उत्तर देतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. स्प्रिंगला 'आराम' मिळावा म्हणून दर महिन्याला मॅगझिन रिकामं करून पुन्हा भरणं, याने स्प्रिंगचा काहीही फायदा होत नाही. झाला तर थोडा तोटाच होतो. चांगल्या पोलादाची, नीट डिझाइन केलेली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत नुसती पडून राहिली म्हणून मरत नाही. ती झिजते ती दाब-सोड, दाब-सोड करण्याने. सायकलच्या स्पोकची तार वाकवून महिनाभर ठेवली तर तुटत नाही, पण तीच मागेपुढे वाकवत बसलं की थोड्या वेळात हातात दोन तुकडे येतात. स्प्रिंगचं थकणं याच जातीचं असतं.

तरीही 'काही होत नाही' एवढं सांगून मोकळं होता येत नाही. साठवणुकीत स्प्रिंगा खराब होतात हे खरंच आहे, फक्त त्याची कारणं वेगळी असतात आणि लोक ज्या स्प्रिंगवर संशय घेतात ती बहुतेकदा निर्दोष असते. दहा-बारा वर्षं जमा राहिलेल्या पिस्तुलात माझा पहिला संशय गोठलेल्या ग्रीसवर, दुसरा गंजावर, तिसरा कुणीतरी मधे केलेल्या 'दुरुस्ती'वर असतो. मॅगझिनची स्प्रिंग दाबलेली होती, हा मुद्दा त्यानंतर येतो.

दाबून ठेवल्यावर पोलादात काय होतं

पिस्तुलातल्या गोल वेटोळ्यांच्या बहुतेक स्प्रिंगा म्युझिक वायर नावाच्या जास्त कार्बनच्या तारेपासून बनतात. कार्बन साधारण ०.७ ते १ टक्का. ही तार थंड अवस्थेत ओढून बारीक केलेली असते, त्यामुळे ती प्रचंड ताण सोसते. काही आधुनिक रिकॉइल स्प्रिंगांना (गोळी सुटल्यावर मागे गेलेली स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुन्हा पुढे आणणाऱ्या स्प्रिंगांना) क्रोम-सिलिकॉन पोलाद वापरतात, तर काही मॅगझिनांना १७-७ पीएच हे स्टेनलेस.

तार लवचिकतेच्या मर्यादेच्या आत दाबली की सोडल्यावर मूळ लांबीला येते. मर्यादेच्या पलीकडे गेली की थोडी कायमची आखडते. नवी स्प्रिंग पहिल्यांदा पूर्ण दाबली की तिची लांबी थोडी कमी होते आणि मग ती तिथेच स्थिर होते. चांगले उत्पादक हे काम कारखान्यातच उरकतात. स्प्रिंग मुद्दाम वेटोळ्याला वेटोळं टेकेपर्यंत दाबतात आणि मग विकतात. जे करत नाहीत, त्यांची नवी मॅगझिन स्प्रिंग पहिल्या दोन-चार दिवसांत भरून ठेवल्यावर आखूड दिसते आणि मालक घाबरतो. ती खराब झालेली नसते, जागेवर बसलेली असते.

मर्यादेच्या आत असतानाही स्थिर लांबीला दाबून ठेवलेल्या स्प्रिंगचा जोर अगदी सावकाश, किंचित कमी होत जातो. पण हा ऱ्हास वेळेच्या सरळ प्रमाणात होत नाही, लॉगरिदमच्या हिशेबाने होतो. पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत जेवढी घट, साधारण तेवढीच दहाव्यापासून शंभराव्या दिवसापर्यंत, तेवढीच शंभरपासून हजारपर्यंत आणि तेवढीच हजारपासून दहा हजारपर्यंत. दहा हजार दिवस म्हणजे सत्तावीस वर्षं. जे मॅगझिन तीन वर्षं भरलेलं राहून नीट चाललं, ते आणखी दहा वर्षांनी अचानक ढिलं पडण्याचं कारण उरत नाही.

दुसरा घटक तापमान. साध्या म्युझिक वायरला १२० अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत काम देता येतं, त्यावर जोर भराभर कमी होतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान कितीही वाढलं, तरी ते तिथवर पोचत नाही. त्या उकाड्यात आधी तेल पातळ होऊन वाहून जातं आणि प्लास्टिकचे भाग वाकतात. (गाडीत शस्त्र सोडून जाणं हा वेगळाच, आणि फार मोठा, निष्काळजीपणा आहे.)

मग कोणत्या स्प्रिंगा खरंच साठवणुकीत बिघडतात

पहिला प्रकार, डिझाइनच मर्यादेला टेकलेलं असणं. कोल्ट १९११ चं मूळ मॅगझिन ७ राउंडचं (काडतुसांचं). त्याच मॅगझिनात आठवा राउंड बसवायचा तर फॉलोअर (स्प्रिंगवर बसून राउंडना वर ढकलणारी पट्टी) छोटा करावा लागतो आणि स्प्रिंग आधीपेक्षा कमी जागेत कोंबावी लागते. हल्लीच्या छोट्या, खिशात मावणाऱ्या पिस्तुलांत तर आखूड मुठीत जास्तीत जास्त राउंड बसवायची चढाओढच आहे. अशा मॅगझिनात स्प्रिंग पूर्ण भरल्यावर जवळजवळ ठोस होते, तारेवरचा ताण मर्यादेच्या अगदी जवळ जातो आणि तिथे 'भरून ठेवणं' खरंच महाग पडू शकतं. तपासायचं सोपं आहे: मॅगझिन पूर्ण भरून वरचा राउंड अंगठ्याने दाबा. तो दोन-तीन मिलिमीटर खाली जायला हवा. दगडासारखा घट्ट लागला तर एक राउंड कमी भरायचा, विषय संपला.

जुन्या .३२ पिस्तुलांत ही अडचण क्वचितच येते. एफएन ब्राउनिंग १९१० चं मॅगझिन ७ राउंडचं, कोल्ट १९०३ आणि वॉल्थर पीपीचं ८ चं. सगळी एकेरी रांगेची, स्प्रिंगला भरपूर जागा असलेली. म्हणून प्रश्नातल्या पिस्तुलाचं मॅगझिन, ते मूळचं असेल तर, बहुधा ठीक निघेल. मूळचं नसेल, कुणा कारागिराने पत्रा वाकवून आणि मिळेल ती तार गुंडाळून बनवलं असेल, तर त्यातली स्प्रिंग कोणत्या तारेची आहे हे कुणीच सांगू शकत नाही. अशा स्प्रिंगला वरचा एकही नियम लागू होत नाही. ती सरळ बदलावी.

दुसरा प्रकार, चपट्या आणि 'व्ही' आकाराच्या स्प्रिंगा. वेबली अँड स्कॉटच्या जुन्या .३२ पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग गोल वेटोळ्यांची नसते. ती 'व्ही' आकाराची असते आणि उजव्या बाजूच्या ग्रिप-प्लेटखाली (मुठीवरच्या पट्टीखाली) बसते. गोल स्प्रिंगमध्ये ताण सगळ्या वेटोळ्यांत वाटला जातो, 'व्ही' स्प्रिंगमध्ये तो बाकावर, म्हणजे वळणाच्या जागी, एकवटतो. बाकाच्या आतल्या बाजूला गंजाचा एक बारीक खड्डा पडला तरी तिथून तडा सुरू होतो. अशी स्प्रिंग आधी सूचना देत नाही, हळूहळू ढिलीही पडत नाही. एक दिवस तुटते. म्हणून अशा पिस्तुलात गोळी झाडण्याआधी ग्रिप काढून भिंगाने बाक बघणं अनिवार्य समजा. ग्रिप जुन्या, ठिसूळ झालेल्या कडक रबराच्या असतात. स्क्रू काढल्यावर त्या टोकदार वस्तूने उचकटू नका.

तिसरा प्रकार म्हणजे प्लेटिंग केलेल्या स्प्रिंगा. हा मुद्दा फार कमी लोकांना ठाऊक असतो आणि नुसतं पडून राहिल्याने स्प्रिंग खरोखर तुटण्याचं हे एक ठळक कारण आहे. पिस्तूल चकचकीत दिसावं म्हणून ते निकेल किंवा क्रोम करायला देतात आणि कारागीर सुट्या भागांबरोबर स्प्रिंगाही टाकीत टाकतो. प्लेटिंगपूर्वी आम्लात बुडवताना आणि प्लेटिंग होताना हायड्रोजन पोलादात शिरतो. स्प्रिंगच्या पोलादाइतकं कठीण पोलाद अशा हायड्रोजनने ठिसूळ होतं आणि सतत दाबाखाली ठेवलं तर काही तासांनी, दिवसांनी, कधी महिन्यांनी हात न लावता तडकतं. कारखान्यात यावर उपाय म्हणून प्लेटिंगनंतर काही तासांतच भाग साधारण १९० ते २२० अंशांवर बराच वेळ भाजून काढतात. गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडून ही अपेक्षा ठेवू नका. स्प्रिंग चकचकीत क्रोमची दिसली आणि मूळ पिस्तुलात ती तशी नव्हती, तर ती न तुटलेली असली तरी बदला.

याच कारणासाठी गंजलेली स्प्रिंग आम्लाने साफ करायची नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचं आम्ल, बाजारातला गंज काढायचा द्रव यांत बुडवली की स्प्रिंग लखलखीत होते, पण तारेत हायड्रोजन जातो. देवघरातल्या तांब्या-पितळेला चालतं ते इथे चालत नाही.

गंज: खरा चोर

स्प्रिंगचा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. गंजाच्या बाबतीत हे गणित किती निर्दय आहे ते बघा. १९११ च्या रिकॉइल स्प्रिंगची तार साधारण १.१ मिमी जाड असते. गंजाने ती सगळीकडून ०.०५ मिमी खाल्ली, म्हणजे जाडी १.० मिमी उरली, तर १ भागिले १.१ चा चौथा घात येतो ०.६८. तार डोळ्यांना जवळजवळ तेवढीच दिसते आणि जोर जवळपास एक तृतीयांशाने घटलेला असतो. शिवाय उरलेल्या कमी जाडीवर ताण वाढतो तो वेगळाच.

प्रत्यक्षात गंज इतका एकसारखा लागत नाही, खड्डे पाडतो. मग जोर फारसा कमी होत नाही, पण प्रत्येक खड्डा म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. म्हणून स्प्रिंगवर वरवरची तांबूस भुकटी असेल आणि तेलाच्या चिंधीने पुसून खाली काळी-करडी गुळगुळीत तार दिसत असेल, तर ती ठेवायला हरकत नाही. नख फिरवताना अडकत असेल, भिंगातून खड्डे दिसत असतील, तर बदला. स्प्रिंग हा पिस्तुलातला सगळ्यात स्वस्त भाग आहे, त्यावर काटकसर करण्यात अर्थ नाही.

कोकण, गोवा, मुंबईचा किनारा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हा काळ सगळ्यात वाईट. हवेत ओल आणि मीठ दोन्ही. त्यातही चामड्याच्या होल्स्टरमध्ये किंवा स्पंजच्या पेटीत ठेवलेलं शस्त्र सगळ्यात आधी गंजतं. चामडं ओल धरून ठेवतं, शिवाय कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात उरलेली असतात. चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या पितळी काडतुसांवर जो हिरवा थर येतो, तो याचाच. ते काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसायच्या जागेत) अडकतं आणि मग दोष एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर खेचणाऱ्या आकड्याच्या, स्प्रिंगला दिला जातो.

गोठलेलं तेल आणि ग्रीस

साठवणुकीतून आलेलं पिस्तूल बिघडलेल्या स्प्रिंगसारखं वागतं, पण स्प्रिंग ठणठणीत असते, असं वारंवार दिसतं. घोडा पडतो, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर) हलका ठसा उमटतो, गोळी सुटत नाही. मालक घोड्याची स्प्रिंग बदलतो. फरक शून्य. कारण प्रायमरवर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या बोगद्यात जुनं ग्रीस लाखेसारखं घट्ट झालेलं असतं आणि पिनचा सगळा वेग तेच खातं.

त्याहून धोकादायक उलटी अवस्था: पिन पुढच्या टोकाला, बाहेर डोकावलेल्या स्थितीत चिकटून बसते. तिला मागे खेचणारी बारीक स्प्रिंग त्या चिकटपणापुढे हरते. मग स्लाइड पुढे येऊन राउंड चेंबरमध्ये बसवतानाच तो चाप न ओढता सुटू शकतो. म्हणून लांब साठवणुकीतून आलेलं कोणतंही पिस्तूल फायरिंग पिनचा बोगदा साफ केल्याशिवाय भरायचं नाही. स्प्रिंग बदलली की नाही हा प्रश्न याच्यानंतर.

घरगुती तेलांबद्दल: खोबरेल तेल नको. ते थंडीत थिजतं, खवट होतं आणि खवट झालेलं तेल आम्लधर्मी असतं. जवस आणि करडईसारखी तेलं वाळून वार्निश होतात. शिलाई मशीनचं तेल तात्पुरतं चालतं, पण ते फार पातळ असल्याने काही महिन्यांत उतरून जातं. पाणी हटवणारे फवारे ओल काढायला उत्तम, साठवणुकीला पुरेसे नाहीत. साठवणुकीसाठी चांगलं गन ऑइल आणि तेही पातळ थरात. स्प्रिंग तेलात न्हाऊ घालायची गरज नाही. दोन थेंब चिंधीवर घेऊन वेटोळ्यांवरून फिरवा. मॅगझिनच्या आत तर जवळजवळ कोरडंच हवं. आत साचलेलं तेल धूळ धरतं आणि काडतुसाच्या प्रायमरमध्ये झिरपून त्याला निकामी करू शकतं.

हातात आल्यावर तपासणीचा क्रम

मॅगझिन काढा. स्लाइड मागे घेऊन चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. नंतरच पुढचं सगळं. काडतुसं दुसऱ्या खोलीत. चेंबरमध्ये जुनं काडतूस चिकटलेलं निघालं तर त्यावर सळी घालून ठोकू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे तसंच न्या आणि आत काडतूस आहे हे पोचल्याबरोबर आधी सांगा.

खोलताना स्प्रिंग उडते हे गृहीत धरा. एफएन १९१० मध्ये रिकॉइल स्प्रिंग नळीभोवती असते आणि पुढच्या बाजूचं खाचांचं गोल बुशिंग (टोपण) तिला धरून ठेवतं. ते दाबून फिरवल्यावर अंगठा सुटला तर बुशिंग सरळ चेहऱ्याच्या दिशेने येतं. १९११ च्या रिकॉइल प्लगचंही (स्प्रिंगच्या पुढच्या टोकावरच्या टोपीचंही) तेच. चष्मा घाला, तोंड बाजूला ठेवा आणि शक्य असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून खोला, म्हणजे उडालेला भाग कपाटाखाली जाणार नाही. हे भाग शोधून आणणं सोपं नाही. खोलण्याआधी मॅगझिनच्या स्प्रिंगचा फोटो काढा. तिचं वरचं टोक कुठे वळलेलं आहे याला महत्त्व आहे. उलटी बसवली तर फॉलोअर नाक खाली घालतो आणि राउंड अडकतात.

रिकॉइल स्प्रिंग पाहण्याची साधी रीत: पिस्तूल रिकामं, मॅगझिन काढलेलं, नळी सरळ वर. स्लाइड पूर्ण मागे घ्या आणि हाताने धरूनच सावकाश पुढे सोडा. ती शेवटच्या मिलिमीटरपर्यंत स्वतःच्या जोराने बंद झाली पाहिजे. ग्लॉकमध्ये हीच चाचणी चाप ओढून धरलेल्या अवस्थेत करतात, कारण स्ट्रायकरची (घोड्याऐवजी असलेल्या, प्रायमरवर आदळणाऱ्या दट्ट्याची) स्प्रिंग तिथे रिकॉइल स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावते आणि कमकुवतपणा लगेच उघडा पडतो. स्लाइड शेवटी अडखळली तर आधी खाचा धुऊन, तेल देऊन पुन्हा बघा. तरीही अडखळली तर स्प्रिंग.

.३२ ची ही सगळी पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची आहेत. नळी आणि स्लाइड यांना एकत्र जखडणारं कुलूप त्यांत नसतं. स्लाइडचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग एवढ्यावरच सगळा कारभार. म्हणून इथे ढिली रिकॉइल स्प्रिंग नुसती गैरसोय करत नाही, स्लाइड दर वेळी फ्रेमवर जोरात आपटते आणि ऐंशी-शंभर वर्षांच्या जुन्या पोलादाला तडे जाऊ शकतात. रिकाम्या पुंगळ्या पूर्वीपेक्षा खूप लांब फेकल्या जाऊ लागल्या तर ही खूण समजा.

मॅगझिनच्या स्प्रिंगचा जोर घरी मोजता येतो. सहा मिलिमीटर जाडीची लाकडी काडी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभी धरा, मॅगझिन उलटं करून तिच्यावर टेकवा आणि फॉलोअर १० मिमी आत जाईपर्यंत दाबा. आकडा लिहा. मग एका राउंडची जागा उरेपर्यंत आत दाबून पुन्हा आकडा लिहा. एकट्या आकड्याला अर्थ नाही. त्याच पिस्तुलाचं दुसरं मॅगझिन किंवा नवी स्प्रिंग घेऊन तुलना केली की अर्थ येतो. मोकळी लांबी मोजणं सोपं, पण फसवं: जुनी स्प्रिंग थोडी आखूड असणारच. नव्यापेक्षा एक-दोन वेटोळ्यांच्या अंतराइतकी आखूड असेल आणि जोर टिकून असेल तर मी ती बदलणार नाही.

मॅगझिनची स्प्रिंग खरंच ढिली असेल तर त्रास शेवटच्या दोन-तीन राउंडना होतो, कारण तिथे ती सगळ्यात कमी दाबलेली असते. राउंड वेळेवर वर येत नाही, स्लाइड त्याच्या वरून निघून जाते किंवा त्याच्या पोटात अडकते. ज्या पिस्तुलांत शेवटच्या राउंडनंतर स्लाइड उघडी थांबते, तिथे ती थांबेनाशी होते. पहिल्याच राउंडला अडचण येत असेल तर स्प्रिंग सोडून मॅगझिनचे ओठ (राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) आणि मॅगझिनच्या अंगावरचे पोचे तपासा.

.३२ एसीपी, म्हणजे या पिस्तुलांचं काडतूस, याच्या बाबतीत एक खास भानगड आहे. हे काडतूस अर्धं रिमवालं आहे, म्हणजे त्याची कड अंगापेक्षा किंचित बाहेर येते. भरताना वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर तो पुढे सरकताना खालच्याला अडकतो आणि मॅगझिन गच्च बसतं. आखूड पोकळ टोकाच्या गोळ्या वापरल्या की राउंडना मॅगझिनात मागेपुढे सरकायला जागा मिळते आणि हा प्रकार वाढतो. बाहेरून हे अगदी मेलेल्या स्प्रिंगसारखं दिसतं. प्रत्येक राउंड भरताना त्याची कड खालच्या राउंडच्या कडेपुढे आहे ना, एवढं बघितलं तर स्प्रिंग बदलायचा खर्च वाचतो.

घोड्याची किंवा स्ट्रायकरची स्प्रिंग: रिकाम्या चेंबरवर कोरडे चाप ओढून तपासू नका, जुन्या पिना याने तुटतात. डमी राउंड (बिनदारूचं खोटं काडतूस) वापरा. फायरिंग पिनचा बोगदा साफ आहे, ताजं काडतूस आहे आणि तरीही प्रायमरवर ठसा उथळ, तर स्प्रिंग. ठसा खोल असून गोळी सुटली नाही, तर दोष काडतुसाचा. १९११ च्या तीन बोटांच्या चपट्या स्प्रिंगला घरी पक्कडीने वाकवायचं नाही. तिचं डावं बोट घोड्याला रोखणाऱ्या सीअरवर जोर ठेवतं, ते ढिलं पडलं तर स्लाइड बंद होताना घोडा मागोमाग खाली येतो.

दोन 'दुरुस्त्या' ज्या बिघाड करतात

आखडलेली स्प्रिंग हाताने ताणून लांब करणं. दोन दिवस छान चालते. पण दाबाखाली बसलेल्या तारेच्या आत जे अंतर्गत ताण स्थिरावलेले असतात, ते उलट्या दिशेने ताणल्यावर विसकटतात आणि पुन्हा दाबल्यावर ती आधीपेक्षा लवकर आणि आधीपेक्षा जास्त आखडते. जमा शस्त्रातल्या स्प्रिंगची वेटोळी एका भागात दाट आणि एका भागात विरळ दिसली, तर कुणीतरी ताणलेली आहे असं समजा. (काही स्प्रिंगा मुळातच अशा बनतात, पण त्यांत बदल सावकाश आणि सुबक असतो.)

दुसरी, स्लाइड हलकी व्हावी म्हणून वेटोळी कापणं. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग मऊ होत नाही, दर मिलिमीटरला ती जास्त कडक होते. फक्त सुरुवातीचा दाब कमी झाल्यामुळे हाताला हलकी भासते. स्लाइड नीट बंद होण्यासाठी नेमका तोच सुरुवातीचा दाब हवा असतो. आणि हो, बॉलपेनची स्प्रिंग एक्स्ट्रॅक्टरखाली बसवलेली पिस्तुलं खरंच सापडतात.

यापुढे कसं ठेवायचं

घोडा किंवा स्ट्रायकर उतरवून ठेवा. हे स्प्रिंगपेक्षा सुरक्षिततेसाठी. मॅगझिन पिस्तुलातून काढून वेगळं ठेवा. ते भरलेलं ठेवायचं की नाही हे तुमच्या गरजेवर ठरवा. स्प्रिंगच्या काळजीपोटी नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, सगळं काढून पुसा, काडतुसं तपासा, हिरवट किंवा खड्डे पडलेली बाजूला काढा. वर्षात दोन-चारदा मॅगझिन रिकामं झाल्याने स्प्रिंगला काही होत नाही.

लोखंडी कपाटात शस्त्राजवळ सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवले की पुन्हा निळे होतात. कपाटात सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली राहिली तर गंजाची चिंता जवळजवळ संपते. शे-पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक आत ठेवला की अंदाजाने चालायची गरज राहत नाही. चामड्याचं होल्स्टर कपाटात वेगळं टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करू नका, आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. गंजरोधक कागद मिळाला तर त्यात गुंडाळलेलं उत्तम.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रं जमा करायचा आदेश निघतो, तेव्हाही हेच. जमा करण्याआदल्या दिवशी पुसून, पातळ तेल देऊन, मॅगझिन रिकामं करून द्या आणि पावतीवर पिस्तुलाचा क्रमांक, मॅगझिनांची संख्या, काडतुसांची संख्या नीट लिहून घ्या. पोलीस ठाण्याच्या मालखान्यात सिलिका जेलची अपेक्षा नको. परत आल्यावर वरची तपासणी पुन्हा.

स्प्रिंगा बदलायच्या असतील तर परवानाधारक विक्रेता किंवा दुरुस्तीवाल्यामार्फतच. शस्त्राचे सुटे भागही शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात, परदेशी संकेतस्थळावरून मागवायच्या फंदात पडू नका. रिकॉइल, मॅगझिन आणि फायरिंग पिनची परतीची, या तीन गोल स्प्रिंगा मिळाल्या तर वयोवृद्ध पिस्तुलात बदलून घ्याव्यात असं माझं मत आहे. त्या दाबून राहिल्या म्हणून नाही, तर त्यांनी आधीच्या मालकाकडे किती राउंड खाल्ले हे कुणालाच ठाऊक नसतं म्हणून. १९११ ची .४५ रिकॉइल स्प्रिंग दोन-तीन हजार राउंडनंतर बदलायची रीत आहे. आपल्याकडे परवान्यावर मिळणारी मोजकी काडतुसं पाहता तुमच्या हातून तो आकडा कधीच गाठला जाणार नाही. जुन्या स्प्रिंगा फेकू नका, चिठ्ठी लावून तेलाच्या कागदात ठेवा. पुढे कधी नवीन बनवून घ्यायची वेळ आली तर तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या त्यांच्यावरूनच घेता येईल.

वारसाचा परवाना अजून हातात पडला नसेल तर यातलं काहीही घरी करायचं नाही. पिस्तूल विक्रेत्याकडेच राहू द्या आणि त्याच्या ताब्यात, त्याच्यासमोर तपासून घ्या.